लॉटचे दोन तुकडे आणि गल्लीतल्या सह्या

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. कॅलिफोर्नियात साऊथ बेमधल्या, म्हणजे सॅन फ्रान्सिस्को उपसागराच्या दक्षिणेकडच्या एका गावात तुमचं १९६२ सालचं एकमजली घर आहे, लॉट ६० फूट बाय १३० फूट. एसबी ९ कायद्याखाली त्या लॉटचे दोन भाग करायचे आणि मागच्या भागात लेक-जावयासाठी घर बांधायचं, असं तुमच्या मनात आहे. बातमी फुटली आणि गल्लीत सह्यांचं पत्रक फिरायला लागलं. तेवीस वर्षांचे शेजारी आता कचऱ्याचे डबे बाहेर ठेवताना मान फिरवतात. सह्या करणाऱ्यांत एक मराठी कुटुंबही आहे आणि तेच तुम्हाला सगळ्यात जास्त लागलंय. तुम्ही विचारलंय की हे लोक आपलं काम थांबवू शकतात का, आणि त्यांच्या म्हणण्यात तथ्य किती?

मी या धंद्यात वीसहून जास्त वर्षं आहे. आधी एका सिटीच्या प्लॅनिंग काउंटरच्या आतल्या बाजूला होतो, आता बाहेरच्या बाजूला, म्हणजे लोकांचे नकाशे घेऊन त्याच काउंटरपुढे रांगेत. म्हणून दोन्हीकडचं सांगतो.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर सरळ आहे. तुमचा प्रस्ताव कायद्याच्या अटींत बसत असेल तर सह्या शंभर असोत की हजार, सिटीला परवानगी नाकारता येत नाही. एसबी ९ वर गव्हर्नर न्यूसम यांनी सप्टेंबर २०२१ मध्ये सही केली आणि १ जानेवारी २०२२ पासून तो लागू झाला. त्याचा गाभा असा की एक-कुटुंब घरांच्या विभागात लॉटचे दोन भाग करायचे असतील तर सुनावणी नाही, प्लॅनिंग कमिशनपुढे जाणं नाही, पर्यावरण आढावा नाही. काउंटरवरचा माणूस अटींची यादी तपासतो, बसलं की शिक्का मारतो. त्याला स्वतःचं मत वापरायची मुभाच ठेवलेली नाही. नकार द्यायचा तर प्रकल्पामुळे सार्वजनिक आरोग्याला किंवा सुरक्षिततेला नेमका कोणता धोका आहे आणि तो टाळायचा दुसरा मार्ग कसा नाही, हे बिल्डिंग अधिकाऱ्याला पुराव्यासह लेखी मांडावं लागतं. ‘गल्ली नाराज आहे’ हा धोका त्यात बसत नाही.

काही सिट्यांनी सुरुवातीला अर्ज दाबून ठेवायचा खेळ केला. त्यावर २०२४ साली एसबी ४५० आला. १ जानेवारी २०२५ पासून साठ दिवसांत निर्णय दिला नाही, तर अर्ज मंजूर झाला असं धरलं जातं. त्यामुळे ‘आम्ही सिटीवर दबाव आणू’ असं कोणी म्हणालं तरी झोप उडवून घेऊ नका.

आता अटी. दोन्ही भाग किमान १,२०० चौरस फुटांचे हवेत आणि लहान भाग मूळ लॉटच्या ४० टक्क्यांपेक्षा कमी नको. आपल्या हिशेबात सांगायचं तर १,२०० चौरस फूट म्हणजे गुंठ्याहून जरासं जास्त. तुमचा अख्खा लॉट ७,८०० चौरस फूट, म्हणजे सात गुंठ्यांच्या थोडा वर. मागचा तुकडा किमान ३,१२० चौरस फुटांचा काढावा लागेल. गावाकडे भावाभावांत वाटणी होऊन एक-दोन गुंठ्यांचे तुकडे पडू नयेत म्हणून १९४७ मध्ये तुकडेबंदीचा कायदा आला, हे तुम्हाला माहीत असेल. इथे उलटं आहे. सरकार म्हणतं तुकडे करा आणि गल्ली म्हणते करू नका. अर्थात तिथे प्रश्न पिकाचा होता, इथे घराच्या भाड्याचा आहे.

आणखी दोन अटी तुमच्याच पथ्यावर पडतात. तुम्हाला प्रतिज्ञापत्र द्यावं लागेल की मंजुरीपासून तीन वर्षं या दोन तुकड्यांवरच्या एका घरात तुम्ही स्वतः राहण्याचा इरादा आहे. तुम्ही राहणारच आहात. आणि एकदा असा भाग केलेला तुकडा याच कायद्याखाली पुन्हा पाडता, म्हणजे विभागता, येत नाही, शिवाय लागूनचा लॉट ज्याने या कायद्याखाली पाडला त्याला किंवा त्याच्या संगनमतातल्या माणसाला शेजारचाही पाडता येत नाही. म्हणजे ‘बिल्डर येईल आणि ओळीने सगळी गल्ली चिरत जाईल’ ही पत्रकातली भीती बरीचशी कायद्यानेच निकालात काढली आहे. हे शेजाऱ्यांना सांगा, बहुतेकांना माहीत नसतं. तुमच्याकडे मागच्या तीन वर्षांत कोणी भाडेकरू राहिलेला असेल, तर मात्र आधी मला किंवा कुठल्याही जमीन-वकिलाला भेटा. तिथे सगळं गणित बदलतं.

तरी लोक इतके का चिडतात? कारण आजवर त्यांच्या हातात काहीतरी होतं आणि ते काढून घेतलं गेलं. मी काउंटरच्या आत होतो तेव्हा लॉटचे दोन भाग करायचे म्हणजे आजूबाजूच्या ३०० फुटांतल्या घरमालकांना नोटीस, मग मंगळवारी संध्याकाळी सुनावणी, प्रत्येकाला बोलायला तीन मिनिटं. त्या खोलीत कोण यायचं? निवृत्त, घरमालक, वीस-तीस वर्षं तिथेच राहणारे. ज्याला त्या मागच्या घरात राहायला यायचंय तो तेव्हा ट्रेसी किंवा मँटेकासारख्या लांबच्या गावी परतताना दोन तासांच्या ट्रॅफिकमध्ये अडकलेला असायचा. तो कोण आहे हेच अजून ठरलेलं नाही, तर तो बोलणार तरी कसा? बॉस्टन विद्यापीठातल्या संशोधकांनी मॅसॅच्युसेट्समधल्या जवळजवळ शंभर गावांच्या सभांची इतिवृत्तं वाचून हेच मोजलं. बोलणाऱ्यांत साठ टक्क्यांहून जास्त विरोधात, बाजूने बोलणारे पंधराच्या आसपास, आणि बोलणारे सर्वसाधारण मतदारांपेक्षा वयाने मोठे, बहुतांशी घरमालक. मला त्या आकड्यांचं नवल वाटलं नाही. मी त्या खुर्च्या मांडायचो.

खोली बंद झाली म्हणून विरोध संपत नाही. आता तो नियमांच्या बारीक अक्षरात जाऊन बसलाय. २०२२ च्या सुरुवातीला वूडसाईड या श्रीमंत गावाने जाहीर केलं की आमचं संपूर्ण गाव पर्वतसिंहांचं निवासस्थान आहे, म्हणून इथे एसबी ९ लागू नाही. राज्याचे अॅटर्नी जनरल रॉब बोंटा यांचं पत्र गेलं आणि काही दिवसांत गावाने निर्णय मागे घेतला. पर्वतसिंहांना कोणी विचारलं की नाही कोण जाणे. पॅसाडेनाने ‘ऐतिहासिक विभाग’ हा शब्द जरा सैल वापरायला काढला, त्यांनाही पत्र गेलं. राज्यघटनेतच दुरुस्ती करून जमिनीचे निर्णय गावांकडे परत द्यावेत यासाठी सह्यांची मोहीम निघाली, ती मतपत्रिकेपर्यंत पोचली नाही. पण सगळं असं हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं. एप्रिल २०२४ मध्ये लॉस एंजेलिस काउंटीच्या न्यायालयाने रेडोंडो बीच, कार्सन, टॉरन्स, व्हिटियर आणि डेल मार या पाच सनदी गावांपुरता (म्हणजे स्वतःची सनद असल्याने स्थानिक कारभारात जास्त मोकळीक असलेल्या गावांपुरता) हा कायदा घटनाबाह्य ठरवला. कारण असं दिलं की कायदा परवडणाऱ्या घरांसाठी आहे म्हणतो, पण त्यात परवडण्याची अट कुठेच नाही. मुद्दा चुकीचा नव्हता. पुढे एसबी ४५० मध्ये विधिमंडळाने कायद्याचा हेतूच वेगळ्या शब्दांत लिहून काढला. तो निकाल तुमच्या गावाला बांधत नाही. पण तुमचं गाव सनदी असेल तर शेजाऱ्यांपैकी कोणीतरी कात्रण दाखवेलच, म्हणून सांगून ठेवलं.

थोडं मागे जातो. हे थोडं विषयांतर आहे, पण सह्यांच्या पत्रकातला ‘आपल्या परिसराचं स्वरूप’ हा शब्दप्रयोग तुम्हाला का टोचला ते त्यातून कळेल. एका लॉटवर एकच घर हा नियम काही निसर्गाने दिलेला नाही. १९१६ साली आपल्या शेजारच्या बर्कलीने एल्मवुड भागात तो आणला, देशातल्या अगदी पहिल्या गावांपैकी ते एक. वंशावरून वेगळे विभाग पाडायला सर्वोच्च न्यायालयाने १९१७ मध्ये बंदी केली. मग खरेदीखतांत अटी घातल्या जाऊ लागल्या की हे घर गोऱ्यांखेरीज कोणाला विकू नये. त्या अटी न्यायालयातून बजावून घेणं १९४८ मध्ये थांबलं. एक-कुटुंब विभाग मात्र राहिला, कारण त्यात वंशाचा उल्लेखच नव्हता. मोठा लॉट सक्तीचा केला की घर महाग होतं आणि महाग घर बाकीचं काम स्वतःच करतं. सॅन होजेत घरांसाठी राखलेल्या जमिनीपैकी ९४ टक्के जमीन अशी एकाच घरापुरती बांधून ठेवलेली होती. बर्कलीच्याच कौन्सिलने २०२१ मध्ये ठराव करून हा इतिहास कबूल केला. तुमचं घर १९६२ चं आहे, तरी खालच्या जमिनीचं जुनं खरेदीखत काढून वाचा. कधी कधी त्यात ‘एशियाटिक’ शब्द सापडतो. मी अशी खतं हातात घेतली आहेत. आता काउंटीचं रेकॉर्डर ऑफिस ते शब्द खोडायचं काम करतंय.

पण हा इतिहास शेजाऱ्यांच्या तोंडावर फेकू नका. तुमच्या मान फिरवणाऱ्या शेजाऱ्याच्या मनात १९१६ नाही. त्याच्या मनात त्याच्या मागच्या अंगणातली लिंबाची कुंडी आहे. तुमच्या नव्या घराच्या माडीवरून ती दिसणार का, एवढाच त्याचा प्रश्न आहे. आणि तिथे तो बरोबर असू शकतो.

विरोधाचा कागद आला की मी एक चाळणी लावतो. ही तक्रार नकाशावर काढून दाखवता येते का? येत असेल तर ती खरी धरायची आणि पेन्सिल उचलायची. येत नसेल तर नम्रपणे ऐकून घ्यायची आणि पुढे जायचं.

पहिली, सगळ्यात खरी तक्रार म्हणजे नजर. नियमाने सिटी तुम्हाला बाजूने आणि मागून ४ फुटांपेक्षा जास्त जागा सोडायला लावू शकत नाही. चार फुटांवर माडी उभी राहिली की खिडकी थेट शेजाऱ्याच्या जेवणाच्या टेबलावर उघडते. तुमच्या भागात आयक्लर या बिल्डरने बांधलेली घरं असतील तर विचारूच नका. त्या घरांची मागची भिंत म्हणजे काचच. पालो आल्टोत आणि सनीवेलमध्ये आयक्लर वस्त्यांतल्या लोकांनी सह्या गोळा करून एकमजली विभाग करून घेतले ते एवढ्यासाठीच. ॲथर्टन या श्रीमंत गावात २०२३ साली बास्केटबॉलपटू स्टेफ करी आणि त्याच्या बायकोने घरामागे होऊ घातलेल्या टाउनहाउसना पत्र लिहून विरोध केला, तेव्हा लोक हसले. पण पत्रात शेवटी मागणी काय होती? प्रकल्प होणारच असेल तर निदान उंच कुंपण आणि झाडी द्या. चार एनबीए विजेतेपदं जिंकलेल्या माणसाची आणि तुमच्या शेजाऱ्याची मागणी एकच आहे.

हे मी पुस्तकातून बोलत नाही. आमच्या स्वतःच्या घरामागे सहा वर्षांपूर्वी एकाने माडी चढवली. सगळं नियमात. मी स्वतः हे नकाशे करतो, मला हक्क तोंडपाठ. तरी पहिल्या दिवशी स्वयंपाकघरात चहा करताना वर त्या नव्या खिडकीत दात घासणारा माणूस दिसला आणि माझ्या पोटात गोळा आला. त्यांच्या आर्किटेक्टने खिडकीचा कठडा दीड फूट वर घेतला असता तर उजेड तेवढाच आला असता आणि दात घासणारा दिसला नसता. कोणी विचारलंच नाही. मीही बोललो नाही, कारण बोललो तर मी ‘विरोध करणारा’ ठरलो असतो. तेव्हापासून माझ्या प्रत्येक नकाशात शेजाऱ्याच्या खिडक्या तुटक रेषेने दाखवलेल्या असतात.

तुमच्याकडे काय करता येईल ते सांगतो. मागचं घर एकमजली बसतंय का ते आधी बघा. ३,१२० चौरस फुटांत १,२०० फुटांचं एकमजली घर नीट बसू शकतं, वाट कुठून जाते यावर अवलंबून. माडी हवीच असेल तर शयनघरांच्या खिडक्या तुमच्याच घराच्या दिशेने वळवा आणि शेजाऱ्याच्या बाजूला फक्त उंचावर अरुंद खिडक्या ठेवा. जिना आणि न्हाणीघरं त्या बाजूला घ्या. याला जास्तीचा खर्च जवळपास शून्य आहे.

दुसरी खरी तक्रार पावसाच्या पाण्याची. आपल्या खोऱ्यातली माती चिकण, पाणी मुरत नाही, आणि साठ सालच्या वस्त्यांत मागच्या अंगणातलं पाणी बाजूच्या उथळ चरीतून रस्त्यावर काढलेलं असतं. मागे दीड हजार फुटांचं छप्पर आणि त्याची काँक्रीटची वाट आली की जानेवारीतल्या पहिल्या मोठ्या पावसात ते पाणी खालच्या बाजूच्या शेजाऱ्याच्या गॅरेजमध्ये. असं झालेलं मी पाहिलंय, आणि मग वकिलांची पत्रं सुरू होतात. पाण्याचा उतार दाखवणारा नकाशा सिटी मागेलच. तो सिटीला द्यायच्या आधी शेजाऱ्याला दाखवा.

तिसरी झाडांची. तुमच्या किंवा शेजाऱ्याच्या कुंपणालगत जुना ओक किंवा रेडवूड असेल तर सिटीचे झाडांचे नियम लागतील. मुळं कुंपण ओळखत नाहीत. पाया खणताना शेजाऱ्याच्या झाडाचं मूळ तुटलं आणि दोन वर्षांनी झाड वाळलं तर तुम्ही जबाबदार धरले जाल. वृक्षतज्ज्ञाचा अहवाल आधीच करून घ्या.

पार्किंगबद्दल अर्धं खरं, अर्धं खोटं. रेल्वे स्टेशन किंवा वारंवार बस असलेला रस्ता अर्ध्या मैलात असेल तर सिटी एकही जागा मागू शकत नाही, नाहीतर दर घराला फार तर एक. म्हणजे गल्लीत एक-दोन गाड्या वाढतील, नाही म्हणण्यात अर्थ नाही. पण तुमच्या गल्लीत फिरून बघा, किती गॅरेजमध्ये गाडी आहे आणि किती गॅरेजमध्ये कार्डबोर्डची खोकी आणि जुना ट्रेडमिल. रस्त्यावरची गर्दी तिथून सुरू होते. हे बोलून मात्र दाखवू नका.

आता ज्या नकाशावर निघत नाहीत. ‘शाळांवर ताण येईल.’ कुपर्टिनोच्या प्राथमिक शाळा जिल्ह्याने मुलं कमी झाली म्हणून २०२२ मध्ये शाळा बंद केल्या. साठच्या दशकात याच घरांत चार-चार मुलं होती, आता बऱ्याच घरांत दोन म्हातारी माणसं आहेत. ‘सांडपाण्याच्या नळावर ताण येईल.’ एका घराने काही होत नाही. ‘घरांच्या किमती पडतील.’ हे मला कधीच कळलं नाही. ज्या दिवशी तुम्हाला लॉट पाडायचा हक्क मिळाला त्या दिवशी तुमच्या शेजाऱ्यालाही मिळाला. त्याची जमीन त्यामुळे स्वस्त कशी होईल?

किमतीची गोष्ट निघालीच आहे तर प्रॉपोझिशन १३ बद्दल एक गोष्ट सांगतो, कारण त्याशिवाय इथला विरोध समजत नाही. १९७८ पासून घरपट्टी खरेदीच्या किमतीवर बसते आणि करपात्र किंमत वर्षाला फार तर दोन टक्क्यांनी वाढते. त्यामुळे ऐंशी सालापासून राहणारा माणूस अजून आजच्या बाजारभावापेक्षा कितीतरी कमी किमतीवर कर भरतो. तो विकून बाहेर पडला तर नवीन घरावर त्याला नव्या किमतीचा कर. पंचावन्नच्या पुढच्यांना त्यात काही सवलत आहे, पण सवय मोडत नाही. म्हणून तो हलत नाही आणि हलणार नाही म्हणून गल्ली जशी आहे तशीच राहावी असं त्याला वाटतं. जमीन महागली तर त्याला त्रास नाही, स्वस्त झाली तर त्रास. इतका अनुकूल सौदा मिळाल्यावर मीसुद्धा सही केली असती कदाचित. तुम्हाला मात्र कळायला हवं की नुसता लॉट पाडल्याने तुमच्या जुन्या घराचं मूल्यांकन नव्याने होत नाही. नवं बांधकाम आणि विकलेला तुकडा यांचं होतं. लेकीच्या नावे तुकडा करण्याआधी कर-सल्लागाराला विचारा, एवढंच मी म्हणेन.

शेजाऱ्यांनी तुमची झोप उडवली आहे, पण खरं सांगू का, बहुतेक असे प्रस्ताव शेजाऱ्यांमुळे मरत नाहीत. बर्कली विद्यापीठातल्या टर्नर सेंटरने कायद्याच्या पहिल्या वर्षात सोळा गावांची पाहणी केली, तेव्हा लॉट पाडायचे अर्ज सगळे मिळून १०० आणि मंजूर झालेले २८. एवढा गदारोळ आणि एवढंसं पीक. कारणं कंटाळवाणी आहेत. पहिलं म्हणजे वाट. तुमचा लॉट ६० फूट रुंद, घर बहुधा पन्नास फूट रुंद, दोन्ही बाजूंना पाच-पाच फूट. मागच्या तुकड्यावर जायचं कुठून? बहुतेक वेळा गॅरेज पाडून तिथून वाट काढावी लागते आणि मग मागचा तुकडा झेंड्याच्या काठीसारखा रस्त्यापर्यंत येतो. ती काठी त्या ३,१२० फुटांतच मोजली जाते हे विसरू नका. शिवाय अग्निशमनवाल्यांना रस्त्यापासून नव्या घराच्या सगळ्यात दूरच्या भिंतीपर्यंत पाईप १५० फुटांत पोचायला हवा. तुमचा लॉट १३० फूट खोल, घराला वळसा घालून मोजलं तर काठावर येईल. आग विझवणारे फवारे सगळ्या नव्या घरांना बसवावेच लागतात, पण त्यामुळे या अंतरात सूट मिळते का हे तुमच्या गावाच्या अग्निशमन विभागाला पहिल्याच आठवड्यात विचारा.

दुसरं म्हणजे बँक. तुमच्या घरावर कर्ज असेल तर गहाण अख्ख्या लॉटचं आहे. मागचा तुकडा गहाणातून सोडवायला बँकेची संमती हवी, आणि तीन टक्के व्याजाचं कर्ज असेल तर बँक तुमच्यावर मेहरबानी का करेल? मी पाहिलेल्या अर्जांपैकी सगळ्यात जास्त इथे अडकले. तिसरं, पाणी, वीज, सांडपाणी यांच्या स्वतंत्र जोडण्या आणि सिटीचे शुल्क, त्याचा अंदाज आधी लेखी घ्या. चौथं, तुमच्या वस्तीला घरमालक संघ किंवा खरेदीखतातल्या अटी असतील तर एसबी ९ त्यांना हात लावत नाही. मागच्या अंगणातल्या छोट्या जोडघराला कायद्याने तिथेही संरक्षण आहे, लॉट पाडायला नाही. शेजाऱ्यांच्या हातात खरं हत्यार असेल तर हेच आहे, आणि पत्रकात त्याचा उल्लेख नाही म्हणजे बहुधा अशा अटी नाहीत. तरी टायटल रिपोर्ट, म्हणजे जमिनीच्या मालकीचा आणि तिच्यावरच्या अटींचा अहवाल, काढून खात्री करा.

म्हणून मी तुम्हाला उलटाही प्रश्न विचारतो. लेक-जावयाला राहायला घर हवंय की नावावर जमीन हवीय? नुसतं राहायचं असेल तर लॉट न पाडता मागे जोडघर बांधा. बँकेची कटकट नाही, तीन वर्षांचं प्रतिज्ञापत्र नाही आणि गल्लीला आता त्याची सवय झाली आहे. जावयाला स्वतःच्या नावाचं घर हवं असेल, आणि त्यात गैर काही नाही, तर मग बहुतेक गावांत लॉट पाडावा लागतो.

या सगळ्यावर तोडगा म्हणून टेक्ससमधल्या ह्यूस्टनचं उदाहरण मला नेहमी आठवतं. तिथे १९९८ मध्ये शहराच्या आतल्या भागात लॉटची किमान मर्यादा ५,००० चौरस फुटांवरून १,४०० पर्यंत खाली आणली, २०१३ मध्ये ती सवलत शहरभर नेली. विरोध होताच. पण त्यांनी सोबत एक दार ठेवलं. ज्या गल्लीला मोठेच लॉट हवेत तिने पुरेशा सह्या करून स्वतःपुरती जुनी मर्यादा राखून घ्यावी. काही गल्ल्यांनी घेतली, बहुतेकांनी नाही. ज्यांना फार टोचत होतं त्यांना बाहेर पडता आलं म्हणून बाकीचं शहर पुढे गेलं. कॅलिफोर्नियाने असं दार ठेवलं नाही. माझ्या मते दार ठेवलं असतं तर कोर्टकचेऱ्या कमी झाल्या असत्या, पण ॲथर्टनसारख्या गावांनी ते पहिल्याच दिवशी सगळ्यांसाठी उघडलं असतं हेही खरं.

तुमच्या गल्लीत आता काय करायचं? पत्रकाला पत्रकाने उत्तर देऊ नका. ग्रुपवर लिहू नका, तिथे माणूस स्वतःपेक्षा दुप्पट रागीट होतो. प्राथमिक नकाशा तयार झाला की ज्या तीन घरांना तुमची हद्द लागते फक्त त्या तीन घरी जा. बाकी गल्लीचं नंतर बघू. नकाशावर त्यांचं घर, त्यांच्या खिडक्या, त्यांचं झाड दिसलं पाहिजे. ‘आम्हाला हक्क आहे’ हे वाक्य तोंडातून काढू नका, त्यांनाही ते माहीत आहे आणि म्हणूनच ते चिडलेत. विचारायचं एवढंच, ‘यातलं काय तुम्हाला सगळ्यात जास्त खुपतंय?’ आणि मग गप्प बसायचं. दहापैकी सात वेळा उत्तर एखाद्या खिडकीचं किंवा कुंपणाचं असतं. ते लिहून घ्या आणि सुधारलेला नकाशा घेऊन पुन्हा जा. तेवीस वर्षांच्या ओळखीचे शेजारी असतील तर पहिली भेट तिथेच. रिकाम्या हाताने नका जाऊ.

त्या मराठी घराबद्दल. तुम्हाला वाटतं आपल्याच माणसाने दगा दिला. मला वाटत नाही. त्यांनीही दोन पगार जोडून, वीस टक्के भरून, ‘शांत गल्ली’ म्हणून ते घर घेतलं. पुण्यात प्रभात रोडवर बंगल्यांच्या जागी इमारती उठताना त्यांनी बघितल्या असतील आणि इथे तरी तसं नको असं त्यांना वाटत असेल. शिवाय सही मागायला आलेला शेजारी दारात उभा असताना नवीन माणसाला नाही म्हणणं अवघड जातं. गल्लीत आपण उपरे नाही हे दाखवायची तीच तर संधी असते. त्यांना लग्नाचं नाही, नकाशाचं आमंत्रण द्या. वहिनींना आणि दादांना समोर बसवून मागच्या खिडक्या कुठे आहेत ते दाखवा. सही मागे घ्या असं सुचवूही नका.

आणि एक शेवटचं, अगदी किरकोळ वाटेल असं. मोजणीवाले आले की हद्दीवर लाकडी खुंट्या ठोकतात आणि त्यांना भडक गुलाबी फीत बांधतात. आदल्या दिवशी तिन्ही शेजाऱ्यांना सांगून ठेवा, कारण सकाळी साडेसातला कुंपणापाशी अनोळखी माणूस दुर्बीण लावून उभा दिसला की पोलिसांना फोन जातो. माझ्याकडच्या मोजणीच्या पोराला एकदा असंच दीड तास थांबवून ठेवलं होतं.